चेहोचिनेकचा खर्च

पत्र आलं तेव्हा मी बटाटे सोलत होते. वाचून झाल्यावर खरं तर मला आनंद व्हायला हवा होता, कारण त्या पत्राची मी दोन वर्षांहून जास्त वाट पाहिली होती. गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी सॅनेटोरियमसाठी कागद पाठवला होता. त्यानंतर रांगेत आमचा नंबर मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होता. आता वरून कळवलं होतं की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चेहोचिनेकला हजर व्हा. तीन आठवडे खाऱ्या पाण्याचे टब, चिखलाचे लेप, मालिश. उपचार फुकट, राहण्याजेवणाचा थोडा भार आपला. गाव आपण निवडायचं नाही आणि महिनाही नाही. नोव्हेंबरात आमच्या रादोममध्येसुद्धा कुत्रं बाहेर पडत नाही, पण नको म्हटलं की पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं.

लग्न झाल्यापासून मी घराबाहेर एकटीने रात्र काढली ती फक्त बाळंतपणात आणि ऑपरेशनला. आता तीन आठवडे परक्या बायकांबरोबर एका खोलीत राहायचं, परक्या टेबलावर जेवायचं, आणि गाडी दोनदा बदलून तिथवर जायचं तेही नव्या गुडघ्यावर. बटाटे अर्धे सोललेले तसेच राहिले.

खालच्या मजल्यावरच्या पेलागियाला मी जिन्यातच सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला जणू तिलाच बोलावणं आलंय.

"ओतिल्या, नाचाचे बूट घे बरं," ती म्हणाली. "आणि लग्नाची अंगठी साबणाच्या डबीत ठेव. तिथे गेल्यावर सगळ्या तेच करतात."

"माझ्या बोटातून ती निघत नाही आता."

"मग बोट ठेव डबीत. तीन आठवडे मिळालेत बाई, गुडघ्यावर कशाला वाया घालवतेस?"

सॅनेटोरियमला जाणाऱ्यांबद्दल आमच्याकडे काय काय बोलतात ते वेगळं सांगायला नको. नवरा तिकडे गेला की शेजारणी बायकोकडे बघून हसतात आणि बायकोलाही हसावं लागतं. सात वर्षांपूर्वी हिरेक गेला होता तेव्हा मीही हसले होते. हिरेक म्हणजे माझा नवरा, हिएरोनिम. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर त्यालाही चेहोचिनेकच मिळालं होतं. परत आला तो दोन किलो बारीक होऊन, वेफरचा डबा घेऊन. संध्याकाळी काय करायचास, असं विचारलं तर म्हणाला होता, काटेरी फांद्या रचलेल्या उंच भिंतींवरून खारं पाणी ठिबकतं ना, तिथे बाकावर बसायचो, छातीला बरं असतं, आणि आठला अंथरुणात. माझा विश्वास बसला. हिरेकला नाचताना मी शेवटचं पाहिलं ते मुलीच्या लग्नात, आणि तेव्हाही त्याला दोघांनी ओढत नेलं होतं.

रविवारी जेवण झाल्यावर त्याने टेबलावरचं मेणकापड पुसलं, चौकटीचा कागद घेतला, पेन्सिलीला टोक काढलं. "चल, खर्चाचं बघू," म्हणाला.

इथे या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हिरेकने चामड्याच्या कारखान्यात जन्मभर पगारपत्रकं केली. कारखाना बंद पडला, माणसं पांगली, पण त्याच्या हाताची सवय गेली नाही. बाकी सगळ्या बाबतींत तो इतर माणसांइतकंच खोटं बोलतो. माझ्या बहिणीची मासे घालून केलेली जेली त्याला आवडते म्हणतो, आणि ती तिच्या कुत्र्यालाही आवडत नाही. पण रकमेत त्याला खोटं बोलता येत नाही. आकडा तोंडातून चुकीचा गेला तर त्याला झोप लागत नाही. हे मला फार पूर्वी कळलं. छातीत दुखायला लागलं तेव्हा तो म्हणाला, दवाखान्यात गेलो होतो, काही नाही, गार वारा लागला असेल. मी विचारलं, फी किती घेतली? त्याने सांगितली. एवढी फी फक्त हृदयाचा खास डॉक्टर घेतो, हे मला माहीत होतं. त्या दिवसापासून मी त्याला 'खरं सांग' असं कधी म्हणत नाही. किती झाले, एवढंच विचारते.

"खोली," हिरेक म्हणाला. "तिघींची स्वस्त पडते. पण दोघींची घे."

"कशाला उगीच?"

"तिघांत एक घोरतोच. माझ्या खोलीत तो खाणकामगार होता ना, रात्रभर ड्रिल चालवायचा." त्याने आकडा लिहिला. "थंडीचा दर आहे, उन्हाळ्यात जास्त पडलं असतं. मग गावचा हवेचा कर, रोजचा. टीव्हीचं भाडं वेगळं."

"श्वास घ्यायचा कर आणि वर टीव्ही?"

"टीव्ही नको असेल तर काढतो."

"राहू दे. दुसरीला हवा असला तर मी कंजूष ठरेन."

इथपर्यंत मला खरं तर बरं वाटत होतं. अनोळखी गोष्टींना किंमत लागली की त्यांची भीती जरा कमी होते. टबात जाताना लागणाऱ्या रबरी चपला, मालिश करणाऱ्या मुलीला शेवटी द्यायचं चॉकलेट, औषधाच्या पाण्यासाठी नळीचा पेला, सगळं तो लिहीत गेला. विजेची किटली न्यायची नाही, खोलीत सापडली तर ओरडतात, पण तळमजल्यावरच्या बाईकडे गरम पाणी मिळतं, हेही त्याला ठाऊक होतं. मी चहाच्या ग्लासात लिंबाची चकती बुडवत ऐकत होते. मनात आलं, नवऱ्याने आधी जाऊन वाट बघून ठेवलीय, आपण काय घाबरतोय?

"दुपारची कॉफी," तो म्हणाला. "उपचार संपले की सगळे बागेतल्या कॉफीघरात जातात. तू एकटी खोलीत बसू नकोस, तूही जा. कॉफी आणि चीजकेक, आता बत्तीसच्या आसपास असेल."

"बत्तीस झ्लॉटी? एका कॉफीला?"

"नाही गं, दोघांचे..." पेन्सिल थांबली. मग चुकलेला आकडा दुरुस्त करायची घाई झाल्यासारखा तो म्हणाला, "सोळा. एकाचे सोळा धर."

त्याने सोळा लिहिले. मी चहा ढवळत राहिले. त्यात साखर घातली नव्हती, तरी ढवळत राहिले.

दोघांचे म्हणजे तो खाणकामगार असेल. पुरुष पुरुष जात नाहीत का कॉफीला? जातात. पण खाणकामगार चीजकेक खातो का, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि बाहेर जाईना. या वयात हे काय मनात आणतेस, असं मी स्वतःलाच दटावलं. काही उपयोग झाला नाही.

"आणि नाच?" मी विचारलं. आवाज मला हवा होता तितका सहज निघाला. "पेलागिया म्हणते नाच असतो."

"असतो. बुधवारी आणि शनिवारी."

"तिकीट?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. "पंधरा होतं. आता वीस धर."

"कोट ठेवायला पैसे पडतात?"

"दोन झ्लॉटी. दर कोटाला."

"तू किती द्यायचास?"

प्रश्न मी विचारला आणि विचारल्याबरोबर नको होतं असं वाटलं. बाहेर अंगणात कोणीतरी गालिचा बडवत होतं, तेवढाच आवाज. हिरेकचे कान आधी लाल होतात, नंतर मान. लग्नाआधीपासून त्याचं असंच आहे.

"चार," तो म्हणाला.

रागावायला हवं होतं, पण आधी भीतीच वाटली. आठला अंथरुणात जाणारा माणूस आठवड्यातून दोनदा दोन कोट ठेवत होता आणि मी इकडे रोज रात्री त्याच्या हृदयासाठी प्रार्थना करत होते. ऐकली म्हणायची कोणीतरी.

"टेबलावरच्या बाई होत्या," तो आपणहून म्हणाला. "सेवेरिनाबाई. कोनिनच्या. तुला सांगितलं होतं की मी, सूप न खाणाऱ्या. पहिल्या दिवशी जे टेबल मिळतं ते शेवटपर्यंत तेच असतं, ओतिल्या, आपण थोडंच निवडतो? त्यांचंही हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरच सांगायचे हालचाल करा, हालचाल करा."

"मग केलीत."

"नाचायचो थोडं. सगळेच नाचतात. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यासुद्धा."

सेवेरिनाबाई मला आठवत होत्या. घरी परतल्यावर त्याने टेबलावरच्या सगळ्यांच्या गमती सांगितल्या होत्या. तो घोरणारा खाणकामगार, एका पाद्र्याची बहीण, आणि कोनिनची एक विधवा, शाळेत भूगोल शिकवलेली, जी सूप आलं की वाटी हळूच खाणकामगाराकडे सरकवायची. मी हसले होते. पुढे कधीतरी वाटीत सूप उरलं की आम्ही म्हणायचो, कोनिनला पाठवून दे. आमच्या घरातला विनोद झाला होता तो. इतकी वर्षं तिचं नाव घेऊन मीही हसत होते.

"फुलं?" मी विचारलं.

"कसली फुलं?"

"नाचाला लागतात ना. माझ्या खर्चात धरायची का नको?"

"तुला कशाला लागतील? तू बाई आहेस."

"किती पडतात ते सांग, मग धरायचं की नाही ते मी ठरवते."

त्याने पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. "ओतिल्या, पुरे ना."

"किती?"

"एक गुलाब बाराला," हिरेक म्हणाला. आणि त्याला राहवलं नाही, "दारातल्या बाईकडे. बाजारात स्वस्त मिळतो, आठला."

मी उठले. सूप तापायला ठेवलं होतं ते बघायला हवं, असं काहीतरी पुटपुटले. रात्रीचं कोबीचं सूप दुपारी कोणी ढवळत नाही, पण मला त्याच्याकडे पाठ करून उभं राहायला एखादी जागा हवी होती.

उभी राहून मी स्वतःची समजूत घालायला लागले. सात वर्षं झाली. तीन आठवड्यांची गोष्ट. माणूस मरणाच्या दारातून परत आलेला, छाती उभी चिरलेली, कोणी हात धरून नाचवलं तर नाचला. परत आल्यावर तो बदलला का? नाही बदलला. माझ्या गुडघ्याच्या वेळी त्याने मला चार महिने मोजे घातले आणि कधी तोंड वाकडं केलं नाही. पेलागियाचा नवरा तर सॅनेटोरियमहून आला तो सामान न्यायलाच. त्या मानाने एक गुलाब आणि चार झ्लॉटी म्हणजे काहीच नाही. तिथेच सुरू झालं आणि तिथेच संपलं असेल तर मी गिळून टाकेन, असं मी ठरवलं. खरंच ठरवलं. माझा स्वभाव कडक आहे, पण मी दगड नाही.

फक्त तिथेच संपलं का, हे कळायला हवं होतं.

खिडकीत मेणबत्त्यांचे डबे मांडले होते, लाल काचेचे, झाकणाचे. सर्व संतांच्या सणाला थडग्यांवर लावायचे. चार आमच्या इथल्या थडग्यांसाठी, दोन कुटनोच्या. कुटनोला हिरेकचा थोरला भाऊ पुरलाय. त्याची बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून हिरेक वर्षातून दोनदा जातो, एकदा ईस्टरनंतर आणि एकदा या सणाआधी. दगड घासतो, पानं काढतो, मेणबत्ती लावतो. पूर्वी मीही जायचे. गुडघ्याने दगा दिल्यापासून, म्हणजे आठेक वर्षं, तो एकटाच जातो, पहाटेच्या गाडीने निघून रात्री येतो. आल्यावर तिकिटाची रक्कम सांगतो, फुलांची सांगतो, आणि मी म्हणते, दमलास, जेवून घे. या बुधवारी तो पुन्हा जाणार होता.

कुटनोच्या पुढे तीच गाडी कोनिनला जाते.

मी चमचा सुपात तसाच धरून उभी राहिले. वाटलं, विचारू नकोस. सूप उतरव, टेबलावर जा, चीजकेक धर किंवा काढ, बॅग भर आणि चेहोचिनेकला जाऊन गुडघ्याला चिखल लाव. न विचारता किती बायका सुखाने म्हाताऱ्या होतात. पण मग तीन आठवडे त्या खोलीत मी काय करणार होते? परक्या बाईचं घोरणं ऐकत अंधारात पडून राहणार आणि रादोमच्या या घरात कोण आहे, कोण नाही, याचा विचार करणार. तसं पडून राहायचं धैर्य माझ्यात नव्हतं. म्हणून मी विचारायचं ठरवलं. आणि मनात म्हणत होते, देवा, त्याला माहीत नसू दे. फक्त 'मला काय माहीत' एवढं म्हणू दे. मी त्याच्याकरता पॅनकेक करीन.

मी वळले नाही.

"हिरेक," मी म्हटलं, "कुटनोहून कोनिनचं तिकीट किती?"

गालिचा बडवणं थांबलं होतं. त्याच्या खुर्चीचा करकर आवाज झाला, आणि मग तोही थांबला. त्याला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. लहान मुलालाही सुचलं असतं. मी त्या दोन शब्दांची वाट बघत होते. त्या क्षणी त्याने खोटं सांगितलं असतं तरी मी ते उचलून छातीशी धरलं असतं, इतकी मी घाबरले होते.

"चोवीस," हिरेक म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "मार्चपासून. आधी एकवीस होतं."

मी गॅस बंद केला. सात वर्षं तो मला कुटनोचं तिकीट सांगत होता आणि ते दर वेळी ग्रोशपर्यंत, पै न् पै बरोबर होतं. पुढचं तिकीट मी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

टेबलाशी येऊन मी बसले. हिरेकने हात पुढे केला, पण माझ्या हातापर्यंत आणला नाही.

"थडगं मी घासतो," तो म्हणाला. "ते खोटं नाही. आधी तिकडेच जातो."

"माहीत आहे."

"ती आजारी असते, ओतिल्या. कोणी नाही तिला. दोन तास बसतो फक्त. चहा पितो."

दोन तास आणि चहा, यातलं खरं किती ते कळायला माझ्याकडे साधन नव्हतं. आकड्यात बसत होतं तेवढं मी विचारून घेतलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कुणासाठी होतं हे मला कळेना. मला त्या माणसाला मारावंसंही वाटत होतं आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही. सगळ्यात जास्त वाटत होतं ते असं की त्याने काहीतरी करून मला अडवावं. जाऊ नकोस म्हणावं. किंवा जा आणि परत ये म्हणावं. यातलं काहीही चाललं असतं.

म्हणून मी त्याला एक संधी दिली. कागद माझ्याकडे ओढला. त्याचं सुबक अक्षर, ओळीखाली ओळ.

"परतीचं तिकीट धरलंयस यात?" मी विचारलं.

"धरलंय."

"काढून टाक."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. आता म्हणेल, असं मला वाटलं. वेडी आहेस का म्हणेल, कागद फाडेल, काहीतरी करेल. इतक्या वर्षांच्या संसारात मी कशाची इतकी वाट पाहिली नव्हती.

हिरेकने खोडरबर घेतलं. ती रक्कम हळूहळू, कागद फाटणार नाही अशा बेताने खोडली, भुगा तळहाताने झाडला. मग पेन्सिल उचलून खालची बेरीज पुन्हा केली. बरोबर केली.